विश्लेषण : एमआरआय ‘नॉर्मल’, तरी फिट थांबत नाही, रंगीत ‘डिफ्युजन’ स्कॅनने खान्देशातल्या रुग्णाला काय मिळेल?

जळगाव असो की धुळे, एमआरआय सेंटरबाहेरच्या बाकड्यावर फिटच्या रुग्णाची फाइल लगेच ओळखू येते. ती जाड असते. त्यात पहिल्या झटक्यानंतर घाईघाईने काढलेला सीटी स्कॅन असतो, दोन-तीन ईईजी असतात, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात आणि सगळ्यात वर एमआरआयचा रिपोर्ट. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच निघतो की मेंदूत विशेष दोष आढळला नाही. घरच्यांना आधी हायसे वाटते. महिनाभराने पुन्हा झटका आला की तीच ओळ जिव्हारी लागते.

मग कुणीतरी मोबाइलवर एक चित्र दाखवते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांनी विणलेला मेंदू. हा नवीन एमआरआय आहे, यात मेंदूची वायरिंग दिसते, तो केला की कळेल, असे सांगितले जाते.

चित्र खोटे नाही. त्यामागच्या तंत्राला डिफ्युजन एमआरआय म्हणतात आणि मिरगीच्या, म्हणजे अपस्माराच्या अभ्यासात ते गेली दोन दशके वापरले जात आहे. प्रश्न असा आहे की चोपडा, यावल, साक्री किंवा शिरपूरहून आलेल्या कुटुंबाने त्यासाठी पैसे मोडावेत का? थोडक्यात उत्तर : बहुतेकांनी नाही, निदान आत्ता नाही. आणि ज्या थोड्यांना त्याचा खरा उपयोग आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही, कारण त्याच्या आधीच्या दोन साध्या पायऱ्याच आपल्याकडे चुकतात.

औषध कुणाला पुरत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातल्या पाहण्यांमध्ये साधारण हजारी पाच किंवा त्याहून अधिक रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर होती. हजारी पाच धरले तरी दोन जिल्ह्यांत मिळून ३० हजारांच्या आसपास माणसे होतात. हा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण आकडा किती मोठा आहे याची कल्पना येते.

यातल्या बहुतेकांचा आजार साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहू शकतो. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याचे काय? ग्लासगोतल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, आधी कधीही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा पाठपुरावा केला होता. पहिल्या औषधाने ४७ टक्के झटक्यांतून मुक्त झाले. दुसऱ्याने आणखी १३ टक्के. त्यानंतर तिसरे औषध किंवा दोन औषधे एकत्र देऊन जेमतेम ४ टक्के. याच अनुभवाच्या आधारे आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये व्याख्या केली : नीट निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधे फसली, तर तो अपस्मार ‘औषधाला दाद न देणारा’ समजावा आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवावे.

आपल्याकडे होते उलटे. दुसरे औषध फसले की तिसरे येते, मग चौथे. मधल्या काळात कुणीतरी भगताकडे नेऊन आणते. झटका आला की नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे अजून सुरूच आहे. या वर्षांची किंमत रुग्ण मोजतो. शाळा सुटते. विहिरीवर, चुलीसमोर, शेततळ्याच्या काठावर एकटे जायची बंदी येते आणि ती अनाठायीही नसते. प्रौढ रुग्णांमध्ये दरवर्षी हजारात सुमारे एकाचा अपस्मारामुळे अचानक मृत्यू होतो आणि वारंवार येणारे मोठे झटके हे त्याचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. मुलगी असेल तर आजार लपवला जातो, कारण पुढे लग्न आहे. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचे कलम १९९९ सालीच काढून टाकले गेले, हे अजून किती घरांत पोहोचले आहे कोण जाणे.

डिफ्युजन एमआरआय नेमके काय मोजतो?

पाण्याची हालचाल. एवढेच.

शरीरातले पाण्याचे रेणू कधी स्थिर नसतात. उष्णतेमुळे ते सतत इकडेतिकडे धडपडत असतात. या धडपडीचे गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडले. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू एका सेकंदाच्या विसाव्या भागात साधारण १७ मायक्रॉन सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका. मेंदूत मात्र त्याला मोकळे रान नसते. पेशींच्या भिंती, मज्जातंतूंची आवरणे यांना तो धडकतो आणि कमी सरकतो.

कापूस पिकवणाऱ्या भागात हे समजायला सोपे आहे. पिंजलेल्या कापसावर तेलाचा थेंब टाका, तो चहूबाजूंनी गोल पसरतो. त्याच कापसाची वात वळून तिच्यावर थेंब टाका, तो वातीच्या लांबीने धावतो, आडवा फारसा जात नाही. मेंदूतला पांढरा भाग हा अशाच वळलेल्या वातींचा भारा आहे. एका भागातून दुसऱ्या भागाकडे संदेश नेणाऱ्या लाखो तंतूंच्या जुड्या तिथे असतात आणि पाणी त्या जुड्यांच्या दिशेने सहज सरकते. पाणी कुठल्या दिशेने जास्त सरकते हे मोजले, की जुडी कुठल्या दिशेने गेली आहे याचा अंदाज येतो. तंतू प्रत्यक्ष दिसत नाहीत. दिसतो तो पाण्याच्या वागण्यावरून काढलेला तर्क. पुढचा सगळा वाद या एका वाक्यात आहे.

मशिन हे कसे करते? शाळेच्या मैदानावर रांगेत उभी मुले कल्पा. पहिल्या शिट्टीला प्रत्येकाने आपल्या जागेनुसार ठरलेल्या वेगाने धावायचे आणि दुसऱ्या शिट्टीला तितक्याच वेगाने परत फिरायचे. सगळे आपापल्या जागेवर राहिले तर रांग पुन्हा सरळ लागते. पण मधल्या वेळेत काही मुलांनी जागा बदलली, तर रांग विस्कटते. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्राचे दोन झटके या दोन शिट्ट्यांचे काम करतात. जिथले पाणी जास्त हलले तिथली रांग जास्त विस्कटते, संकेत कमी होतो, चित्र काळे पडते. पाणी जिथे अडकले तिथे चित्र पांढरे दिसते. स्टेस्कल आणि टॅनर या दोन शास्त्रज्ञांनी ही युक्ती १९६५ मध्येच दाखवली होती. १९८० च्या दशकात फ्रान्सचे डेनिस ले बिहान यांनी ती मेंदूच्या चित्रणात आणली आणि १९९४ मध्ये पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणची दिशा गणिताने काढण्याची पद्धत दिली. तिला डीटीआय म्हणतात.

डीटीआयमधून एक अंक मिळतो, एफए. तो शून्य ते एक यांच्या मध्ये असतो. शून्य म्हणजे पिंजलेला कापूस, एकाकडे जाणारा अंक म्हणजे घट्ट वळलेली वात. जुडी विरळ झाली, आवरण झिजले की अंक घसरतो. आणि त्या रंगांबद्दल : लाल म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू, हिरवे म्हणजे पुढून मागे, निळे म्हणजे वरून खाली. रंग दिशेचे आहेत, रोगाचे नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात ‘इथे लाल जास्त दिसतेय’ म्हणून घाबरणाऱ्यांसाठी हे सांगणे भाग आहे.

मिरगीशी त्याचा संबंध काय?

पूर्वी समज असा होता की मेंदूच्या एका कोपऱ्यात बिघाड आहे आणि झटका तिथून उठतो. तो कोपरा अजूनही महत्त्वाचा आहेच. प्रौढांमध्ये औषधाला न जुमानणाऱ्या अपस्मारात बहुतेकदा तो टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या बाजूच्या भागात असतो. तिथली हिप्पोकॅम्पस नावाची रचना आकसलेली, कडक झालेली सापडते. लहानपणी तापात आलेला लांबलेला झटका आणि पुढे हिप्पोकॅम्पसला झालेली ही इजा, अशी साखळी अनेक रुग्णांच्या इतिहासात आढळते.

पण वीज एका कोपऱ्यात थांबत नाही. ती जुड्यांमधून पसरते. डिफ्युजन एमआरआयने दाखवून दिले की नुकसानही कोपऱ्यापुरते मर्यादित नसते. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२४९ रुग्ण आणि अपस्मार नसलेल्या १,०६९ व्यक्ती यांच्या मेंदूतल्या ३८ जुड्या तपासल्या. वेगवेगळ्या प्रकारच्या अपस्मारात बहुतेक जुड्यांचा एफए घसरलेला दिसला. हिप्पोकॅम्पस कडक झालेल्या रुग्णांत, बिघाड असलेल्या बाजूच्या आणि त्याला जोडलेल्या जुड्यांमध्ये घसरण सर्वांत जास्त होती.

म्हणजे ज्याचा साधा एमआरआय ‘नॉर्मल’ आहे त्याचाही मेंदू खरोखर नॉर्मल असेलच असे नाही. नाटक करतो, अंगात येते, असे ऐकून घेतलेल्या रुग्णासाठी ही लहान गोष्ट नाही. मात्र हा निष्कर्ष गटाचा आहे. हजार रुग्णांची सरासरी हजार निरोगींपेक्षा खाली आहे, यावरून जळगावच्या एका रुग्णाचा एफए पाहून ‘तुझा झटका इथून उठतो’ असे सांगता येत नाही. निरोगी माणसांमध्येही हा अंक वयाने, मशिनने, स्कॅनमध्ये डोके किती हलले याने बदलतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर संकेत आहे, पण गोंगाटही तेवढाच आहे.

ऑपरेशनच्या टेबलावर मात्र नकाशा लागतो

या तंत्राचा सर्वांत पक्का उपयोग शस्त्रक्रियेच्या तयारीत आहे. अपस्मारावर शस्त्रक्रिया होते, हेच अनेकांना ठाऊक नसते. कॅनडात २००१ मध्ये झालेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेसाठी आणि निम्म्यांना औषधांसाठी निवडले गेले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के, तर औषधांच्या गटातले फक्त ८ टक्के भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये ११६ मुलांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला : ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. हा अभ्यास आपल्या देशातला आहे, आपल्या मुलांवरचा आहे. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. मुंबईत केईएमसारख्या पालिका रुग्णालयातही होतात.

आता टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढताना एक धोका असतो. डोळ्यांकडून आलेल्या तंतूंची एक जुडी तिथे पुढे वळसा घालून मागे जाते. तिला मायरचा वळसा म्हणतात. हा वळसा किती पुढे येतो हे माणसागणिक बदलते आणि साध्या एमआरआयवर तो वेगळा दिसत नाही. तो कापला गेला तर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा वरचा एक कोपरा जातो. झटके थांबले, पण मोटरसायकल चालवता येत नाही, अशी पाळी येऊ शकते. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या शल्यचिकित्सकांनी डिफ्युजन एमआरआयवरून हा वळसा आखून, शस्त्रक्रिया सुरू असताना तो डोळ्यांसमोर ठेवून काम केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, अशा पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या २१ रुग्णांपैकी एकाचीही नजर वाहन चालवण्यास अपात्र ठरेल इतकी गेली नाही. बोलण्याशी, हातापायांच्या हालचालीशी संबंधित जुड्यांसाठीही असेच नकाशे काढले जातात.

दुसरा उपयोग अजून घडतो आहे. शस्त्रक्रिया होऊनही काहींचे झटके का थांबत नाहीत? २०१७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या डिफ्युजन स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या दोन जुड्या बारकाईने मोजल्या आणि तिथल्या बदलांचा नंतरच्या निकालाशी संबंध दाखवला. रुग्ण थोडे होते. पण ‘ऑपरेशन करू की नको’ या प्रश्नाशी झगडणाऱ्या कुटुंबाला उद्या कुणी अधिक नेमका अंदाज देऊ शकले, तर तो याच वाटेने येईल असे दिसते.

मग रंगीत चित्रावर विश्वास किती ठेवायचा?

इथे ब्रेक लावायला हवा. २०१७ मध्येच एक वेगळी परीक्षा घेतली गेली. खऱ्या मेंदूवरून बेतलेला, पण ज्यातल्या जुड्यांचे उत्तर आधीच माहीत आहे असा कृत्रिम डेटा जगभरातल्या २० संशोधन गटांना दिला गेला. ९६ उत्तरे आली. बहुतेकांनी खऱ्या जुड्यांपैकी ९० टक्के शोधल्या. पण त्याबरोबर अस्तित्वातच नसलेल्या जुड्याही काढल्या आणि त्यांची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त होती. कारण साधे आहे. स्कॅनमधला एक ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो तंतू असतात. दोन जुड्या तिथे एकमेकींना छेदत असतील, चिकटून वळत असतील, तर संगणक अंदाज बांधतो. रंगीत धागा तितकाच ठाशीव दिसतो, अंदाज बरोबर असो की चूक.

म्हणूनच निदानासाठी म्हणून हा स्कॅन थेट रुग्णाला विकणे चूक आहे. शल्यचिकित्सकाच्या हातात तो नकाशा आहे. फाइल घेऊन दारोदार फिरणाऱ्या बापाच्या हातात तो आणखी एक न समजणारा कागद आहे.

आधीच्या कोणत्या दोन पायऱ्या?

पहिली पायरी साध्या एमआरआयची. जर्मनीतल्या बॉनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक जिल्ह्यातल्या रेडिऑलॉजीच्या भिंतीवर लावावा असा आहे. नेहमीच्या पद्धतीने काढलेला एमआरआय अपस्मारात तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी वाचला तेव्हा ३९ टक्के रुग्णांतच बिघाडाची जागा सापडली. तोच एमआरआय तज्ज्ञाने वाचला तेव्हा ५० टक्के. आणि अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय तज्ज्ञाने वाचला तेव्हा ९१ टक्के.

यातली बरीचशी तफावत काप कसे घेतले यातून येते. नेहमीच्या एमआरआयमध्ये जाड काप असतात, मध्ये फटी सोडलेल्या असतात. मेंदूच्या सालीतला काही मिलिमीटरचा जन्मजात दोष दोन कापांच्या मधून निसटतो. हिप्पोकॅम्पस नीट दिसायला त्याच्या लांबीला काटकोनात काप लागतात आणि ते मुद्दाम मागितल्याशिवाय घेतले जात नाहीत. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१९ मध्ये यासाठी सोपी शिफारस केली : तीन विशिष्ट प्रकारची चित्रे, बारीक कापांची, फट न सोडता. ३ टेस्लाचे मशिन असेल तर उत्तम, पण १.५ टेस्लावरही हे जमते. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, या मूळ तीन चित्रांत डीटीआय नाही.

खान्देशात ही पायरी चुकते कुठे? बहुतेकदा चिठ्ठीवर. ‘एमआरआय ब्रेन’ एवढेच लिहिलेले असते. झटका कसा येतो, डोके कुठल्या बाजूला वळते, कुठला हात आधी आखडतो, संशय कुठल्या भागावर आहे, यातले काही नसते. तंत्रज्ञ नेहमीचा प्रोटोकॉल लावतो, रेडिऑलॉजिस्ट समोर आले ते वाचतो. यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर मिळते.

दुसरी पायरी पुढे पाठवण्याची. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, धुळ्याहून रस्त्याने सव्वातीनशेच्या घरात. रात्रीची गाडी, सकाळची रांग, दिवसाची मजुरी बुडालेली. तिथे पोहोचल्यावर कळते की सोबत फक्त छापील फिल्म आहेत, त्यावर संगणकात काही मोजता येत नाही, एमआरआय पुन्हा काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात दाखल रुग्णाच्या उपचारांच्या पॅकेजवर उभी आहे. बाहेर चिठ्ठीवर केलेल्या तपासणीचे पैसे बहुतेकदा खिशातूनच जातात. दोनदा स्कॅन म्हणजे दोनदा खर्च आणि या टप्प्यावर अनेक जण परत फिरतात.

एका ठिकाणी डिफ्युजन आजही कामाला येतो

गंमत म्हणजे डिफ्युजनचा साधा अवतार, डीडब्ल्यूआय, आधुनिक एमआरआय मशिनमध्ये असतोच. एक-दोन मिनिटांचे काम. पक्षाघाताच्या निदानासाठी तो रोज वापरला जातो. फिटच्या रुग्णातही त्याचा उपयोग आहे, फक्त त्याला रंगीत चित्राची झळाळी नाही.

भारतात नव्याने झटका आलेल्या रुग्णाच्या मेंदूत अनेकदा एक छोटी, कडी असलेली गाठ सापडते. ती बहुतेकदा डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीची असते. ‘आम्ही तर माळकरी, मटणालाही हात लावत नाही’, हे ऐकून डॉक्टरांना नवल वाटत नाही. पोटात कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी मातीत, पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात आणि शाकाहारी ताटातही पोहोचतात. अशी कडी क्षयाच्या गाठीचीही असू शकते किंवा पूच्या गळवाचीही. घट्ट पूमध्ये पाणी अडकते, त्यामुळे गळू डीडब्ल्यूआयवर ठळक पांढरे दिसते. अळीची पाण्याने भरलेली गाठ सहसा तशी दिसत नाही. या तिघांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. दोन मिनिटांची ती चित्रे इथे खरोखर वाट दाखवतात.

उलट एक सापळाही आहे. लांबलेल्या झटक्यानंतर लगेच स्कॅन केला तर मेंदूचा काही भाग डीडब्ल्यूआयवर काही दिवस पांढरा दिसू शकतो. तो पक्षाघात समजला जाण्याचा धोका असतो. चिठ्ठीवर शेवटचा झटका कधी आला ते लिहिले असेल, तर ही चूक टळते. पुन्हा चिठ्ठीच.

काय करता येईल?

नवे मशिन मागण्याआधी करण्यासारखे बरेच आहे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन ठिकाणांनी फिटच्या रुग्णासाठी एक पानाची एमआरआय चिठ्ठी ठरवली आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी-खासगी सेंटरना दिली, तर खर्च कागदाचा. दोन औषधे फसलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवली, तर मुंबईला कुणाला आधी पाठवायचे ते ठरवता येईल. शाळांमध्ये जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत झटक्यांचा आजार आधीपासून आहे. त्या यादीतून निघालेले मूल पुढे कुठे गेले, हे विचारणारे कुणीतरी हवे.

डीटीआय त्यानंतर. ज्या रुग्णाचे नाव शस्त्रक्रियेच्या विचारासाठी पुढे जाणार आहे, त्याच्याच स्कॅनमध्ये पाच-दहा मिनिटे वाढवून तीस किंवा अधिक दिशांची मोजणी घेता येते आणि बरीच १.५ टेस्लाची मशिन हे करू शकतात. मात्र प्रत्येक मशिनचा अंक थोडा वेगळा येतो. जळगावचा एफए मुंबईच्या निरोगी माणसांच्या एफएशी थेट ताडून पाहणे म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर कापूस मोजणे. त्यासाठी त्याच मशिनवर काही निरोगी स्थानिक माणसांचे स्कॅन लागतील, संख्याशास्त्राने तराजू जुळवावे लागतील. हे काम रुग्णालयाचे एकट्याचे नाही. जळगावातच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांच्यासमोर हजेरीच्या ॲपपेक्षा हा प्रश्न ठेवायला काय हरकत आहे?

कुटुंबाच्या हातातही काही गोष्टी आहेत. झटका आला की रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा. आणि एक माणूस सांभाळत असताना दुसऱ्याने मोबाइलवर पूर्ण झटक्याचा व्हिडिओ काढावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. झटका नेमका कुठल्या बाजूने सुरू होतो, हे डॉक्टरला त्यातून अनेकदा अशा बारकाईने कळते की जे घाबरलेल्या नातेवाइकाला शब्दांत सांगता येत नाही. आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायचे असेल तर पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या ‘संवेदना’सारखे स्वमदत गट आहेत. स्वतः अपस्मार अनुभवलेल्या वाकणकर यांनी लग्नासारखा अवघड विषयही तिथे उघडपणे हाताळला आहे.

एमआरआय काढला असेल तर सेंटरमधून निघण्यापूर्वी फिल्मसोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डेटा मागून घ्यावा. त्याला डायकॉम म्हणतात. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. मुंबईच्या ओपीडीत टेबलापलीकडचा डॉक्टर सगळ्यात आधी तीच मागतो.